प्रियदर्शी अशोक आणि स्तंभावरचा सिंह

सम्राट अशोकाचे नाव ऐकले नाही असा बौद्ध माणूस आज शोधून सापडणार नाही. आपण दरवर्षी अशोक विजयादशमी साजरी करतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला याच दिवशी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे मुलाबाळांना सांगतो. परंतु अशोकाचे चरित्र म्हटले की कलिंगचे युद्ध, पश्चात्ताप आणि धम्माचा स्वीकार एवढ्या तीन वाक्यांत आपण ते आटोपतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि खरे सांगायचे तर कित्येक वर्षे मीही ते तेवढ्यातच आटोपत होतो.

या लेखाचे निमित्त निराळेच आहे. आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाने दीक्षा घेतली. देव्हारा रिकामा झाला, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. घरातल्या आजींनी मला हाक मारून आत नेले आणि दाराच्या चौकटीवर कोरलेले कमळ दाखवून विचारले, मास्तर, हे ठेवू का खरवडून काढू? शेजारणीने त्यांना ऐकवले होते की कमळ लक्ष्मीचे, हत्ती गणपतीचा आणि चक्र विष्णूचे. तुम्ही आमचे देव टाकलेत, पण खुणा आमच्याच वापरता. बोलणाऱ्याने सहज बोलून टाकले असेल, पण ज्याने नुकतेच जुने घर सोडले आहे त्याच्या मनाला असे बोलणे लागते. मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. पदवीला इतिहास होता, तरी नाही. उत्तर शोधताना मी पुन्हा अशोकाकडे वळलो, कारण सिंह, हत्ती, बैल, घोडा, कमळ आणि चक्र ही सगळी चिन्हे एका ठिकाणी आणून दगडात उभी करणारा राजा तोच.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. बौद्ध ग्रंथ मौर्यांना पिप्फलिवनाचे मोरिय क्षत्रिय म्हणतात. मुद्राराक्षस नाटकातला चाणक्य मात्र खुद्द चंद्रगुप्ताला वृषल म्हणून हाक मारतो. अशोकाने आपल्या एकाही लेखात स्वतःची जात सांगितलेली नाही. हे मला फार बोलके वाटते.

ज्या घरात तो वाढला त्या घराची दारे चारी दिशांना उघडी होती. आजोबाने अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याच्याशी तह केला, त्याला ५०० हत्ती दिले आणि हिंदुकुशापर्यंतचा मुलूख मिळवला. सेल्युकसचा वकील मेगॅस्थेनिस पाटलिपुत्राला येऊन राहिला. बापाची तर एक गमतीची हकीकत ग्रीक ग्रंथांत आहे. बिंदुसाराने सीरियाच्या अँटिओकस राजाकडे गोड मद्य, सुके अंजीर आणि एक तत्त्वज्ञ विकत पाठवण्याची मागणी केली. अँटिओकसने मद्य आणि अंजीर पाठवण्याचे कबूल केले, पण आमच्याकडे तत्त्वज्ञ विकण्याचा रिवाज नाही असे कळवले.

त्याच्याही आधीची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गांधार हा प्रदेश इराणच्या दारयवहू राजाच्या, म्हणजे ज्याला ग्रीक लोक डरायस म्हणतात त्याच्या, साम्राज्यात होता. तक्षशिलेहून निघालेला रस्ता इराणमार्गे थेट बाबिलोनपर्यंत जात होता. त्या रस्त्याने व्यापारी जात, सैन्ये जात आणि पाथरवटही जात. परंपरा सांगते की तरुण अशोकाला बापाने तक्षशिलेचे बंड शमवण्यास पाठवले आणि पुढे उज्जैनीचा कारभार दिला. उज्जैनीच्या वाटेवर विदिशेला त्याने एका व्यापाऱ्याची मुलगी देवी हिच्याशी लग्न केले. महिंद आणि संघमित्ता ही तिची मुले.

आता त्या पश्चिमेकडच्या रस्त्यावर कोणती चिन्हे होती ते पाहू. असिरियाच्या निनवे शहरात अशुरबनिपाल राजाच्या वाड्याच्या भिंतींवर इ.स.पू. सातव्या शतकात सिंहाच्या शिकारीची चित्रे कोरली गेली. बाण लागलेले, रक्त ओकणारे सिंह आणि रथावर शांतपणे उभा असलेला राजा. बाबिलोनच्या इश्तर दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही भिंतींवर चकाकत्या विटांचे सिंह रांगेने चालत होते. ग्रीसमध्ये मायसिनीच्या गढीच्या दारावर त्याहून कितीतरी जुन्या दोन सिंहिणी उभ्या आहेत. इराणच्या पर्सेपोलिसमध्ये सिंह बैलावर झेप घेऊन त्याचा चावा घेताना दिसतो, आणि दुसरीकडे राजवीर त्याच सिंहाच्या पोटात खंजीर खुपसताना दिसतो. या चार देशांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे. पण सिंह म्हणजे सत्ता, आणि सिंहाला मारणारा तो सर्वांत मोठा सत्ताधीश, हा अर्थ त्यांच्यात सारखाच. त्या काळी ग्रीसपासून हिंदुस्थानपर्यंत खरेखुरे सिंह रानात फिरत होते, हे विसरू नये. माणूस ज्याला भितो त्यालाच राजचिन्ह करतो.

कमळाचेही तसेच. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यातले निळे कमळ सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते, म्हणून तिथल्या लोकांनी ते सूर्याचे आणि पुन्हा जन्मण्याचे चिन्ह मानले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती जात आपल्या कमळाहून निराळी आहे. तरी चिखलातून वर येऊन स्वच्छ राहणारे फूल पाहून आपल्याकडेही माणसाला शुद्धतेची आठवण झाली. यासाठी कोणी कोणाकडून काही उसने घेण्याची गरज नव्हती. चाक मात्र उसनवारीने फिरते. आऱ्यांचे हलके चाक आणि त्याचा रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात निघाला, आणि रथ जिकडे गेला तिकडे चाक म्हणजे सूर्य आणि चाक म्हणजे जिंकणारा राजा हे दोन्ही अर्थ गेले. तसे आऱ्यांच्या चाकासारखे चिन्ह सिंधू संस्कृतीच्या लिपीतही आहे. गुजरातेतल्या धोलावीरा येथे सापडलेल्या मोठ्या फलकावर ते पुन्हा पुन्हा येते. ते कोणत्या अर्थाने येते हे अजून कोणाला वाचता आलेले नाही. सिंधूच्या मुद्रांवर पिंपळाची पानेही आहेत. मग कमळ, चाक आणि पिंपळ यांचा सातबारा कोणाच्या नावावर करायचा?

इ.स.पू. २६८ च्या सुमारास अशोक सत्तेवर आला. त्याने ९९ भाऊ मारले, नरकासारखा तुरुंग बांधला, लोक त्याला चंडाशोक म्हणत, अशा कथा आहेत. धम्माने माणूस किती बदलतो हे दाखवण्यासाठी पुढच्यांनी आधीचा अशोक अधिकाधिक काळा रंगवला, असे मला वाटते. त्याच्याच पाचव्या शिलालेखात भावाबहिणींच्या घरच्या माणसांची काळजी घेण्याची व्यवस्था आहे. परंतु कथा बाजूला ठेवल्या तरी कलिंग उरतोच, कारण तो आकडा कोणा शत्रूने लिहिलेला नाही, अशोकाने स्वतः लिहिलेला आहे. राज्याभिषेकाला ८ वर्षे झाली असताना, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे तेरावा शिलालेख सांगतो.

इथे पुन्हा इराणकडे पाहावे लागते. दारयवहूने इ.स.पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर, जमिनीपासून खूप उंच, तीन भाषांत आपला विजय कोरून ठेवला. चित्रात राजाचा पाय पडलेल्या शत्रूच्या छातीवर आहे आणि समोर नऊ बंडखोर गळ्यात दोर, हात मागे बांधलेले, असे ओळीने उभे आहेत. खडकावर राजाचे बोल लिहिण्याची ही कल्पना अशोकाकडे त्याच रस्त्याने आली असावी. वायव्येच्या शाहबाजगढीच्या लेखात लेखासाठी दिपि हा इराणी शब्दच वापरलेला आहे, आणि अमुक राजा असे म्हणतो ही सुरुवातही दोघांची एकसारखी आहे. मात्र पुढचे पाहा. एक राजा खडकावर शत्रूंची नावे आणि आपला जय लिहितो. दुसरा राजा तशाच खडकावर, आपल्यामुळे किती माणसे मेली आणि त्याचे आपल्याला किती दुःख झाले, हे लिहितो. जगाच्या इतिहासात विजयी राजाने असे कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि हा तेरावा लेख त्याने खुद्द कलिंगात कोरला नाही. धौली आणि जौगड येथे तो गाळलेला आहे. त्याऐवजी तिथे अधिकाऱ्यांना ताकीद आहे की सगळी माणसे राजाला लेकरांसारखी आहेत, विनाकारण कोणाला बंदीत टाकू नका. ज्यांची माणसे मेली त्यांना मेलेल्यांचा आकडा पुन्हा वाचून दाखवायचा नाही, एवढी समज त्यामागे असावी. की राजकारण असावे? दोन्ही असू शकेल. अशोकाने कलिंग परत दिले नाही. हलवलेल्या दीड लाखांना घरी पाठवल्याचाही उल्लेख नाही. त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना तो बजावतो की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्यात दंड देण्याची ताकद आहे. आपल्या आवडत्या राजाचा हा भागही आपण मुलांपासून लपवू नये.

धौलीच्या त्या लेखाच्या वर खडकातून अर्धा बाहेर आलेला एक हत्ती कोरलेला आहे. ज्या कलिंगावर मगधाचे युद्धहत्ती चालून गेले, तिथेच हा हत्ती. पण त्याच्या पाठीवर अंबारी नाही, माहूत नाही, सैनिक नाही. कालसीच्या खडकावरही हत्तीचे चित्र आहे आणि त्याखाली गजोत्तम अशा अर्थाचा शब्द आहे. गिरनारला पांढऱ्या, सगळ्या जगाला सुख देणाऱ्या हत्तीचा उल्लेख आहे. बौद्ध माणसाला लगेच महामायेचे स्वप्न आठवते. हत्ती गणपतीचा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अशोकाच्या काळच्या कोणत्याही लेखात वा शिल्पात गजमुखी देव आढळत नाही.

नव्या बौद्ध कुटुंबांनी अशोकाचा एक छोटा शिलालेख जरूर समजून घ्यावा. त्यात तो म्हणतो की मला उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर मी फारशी खटपट केली नाही. संघाच्या सहवासात आल्यावर मग नेटाने प्रयत्न केला. सम्राटाची ही कबुली वाचून मला फार धीर आला. दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे सुटत नाही. त्याच्या मुदपाकखान्याचेही तसेच. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही, पुढे हेही बंद होतील. मौर्यांचे नाव मोराशी जोडले जाते, आणि मोर सुटायला मात्र वेळ लागला! त्याने हे झाकून ठेवले नाही.

आता आठवा शिलालेख. हा आपल्या महाराष्ट्राच्या मातीत सापडलेला आहे. पालघर जिल्ह्यातले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणला, आणि त्याच सुमारास त्यांना या लेखाचा तुकडा मिळाला. त्याचा आशय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि तत्सम करमणुकीसाठी बाहेर पडत. प्रियदर्शी राजा अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. संबोधी म्हणजे बोधगयेचा बोधिवृक्ष. धम्मयात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना मदत, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटणे आणि त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणे हे घडते, आणि याचा आनंद शिकारीपेक्षा अधिक आहे.

निनवेच्या भिंतीवरचा तो बाण मारणारा राजा आठवा, म्हणजे या लेखाचे मोल कळेल. हजार वर्षे राजेपणाची खूण काय होती, तर शिकार. राजा सिंह मारतो म्हणून तो राजा. अशोकाने ती खूण टाकली आणि तिच्या जागी एका झाडाचे दर्शन आणि म्हाताऱ्या माणसांची विचारपूस ठेवली. अफगाणिस्तानात कंदाहारजवळ १९५८ साली त्याचा ग्रीक आणि आरामाईक अशा दोन भाषांतला लेख सापडला. त्यातही राजाचे शिकारी आणि कोळी यांनी शिकार व मासेमारी सोडल्याचे सांगितले आहे. त्या लेखातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. धम्म हा शब्द ग्रीक माणसाला कसा कळणार? लेखकाने तो शब्द जसाच्या तसा लादला नाही. त्याने ग्रीकांचाच युसेबिया हा शब्द घेतला. देवांविषयी आणि माणसांविषयी भक्तिभाव बाळगणे असा त्याचा जुना अर्थ. तो जुनाच शब्द घेऊन त्यात प्राणिमात्रांवरची दया आणि आईबापांची सेवा भरली.

शब्दाचे जे केले तेच त्याने सिंहाचे केले. सारनाथ, म्हणजे इसिपतन, जिथे भगवान बुद्धांनी पंचवर्गीय भिक्खूंना पहिले प्रवचन दिले, तिथे अशोकाने स्तंभ उभारला. चुनारच्या वालुकाश्माचा, आरशासारखा गुळगुळीत केलेला, एकाच दगडाचा खांब. असे खांब ४०-५० फूट उंचीचे असत. पर्सेपोलिसचे खांब दगडांचे तुकडे एकावर एक रचून केलेले, खोबणी पाडलेले आणि छत तोलण्यासाठी उभे आहेत. अशोकाचा खांब कसलेही छत तोलत नाही, उघड्यावर एकटा उभा राहतो. पर्सेपोलिसमध्ये घंटेसारखा पाकळ्यांचा आकार खांबाच्या पायाशी आहे, अशोकाकडे तोच आकार उलटलेले कमळ होऊन वर, प्राण्यांच्या खाली आला आहे. रामपूर्व्याच्या बैलाखालच्या पट्टीवर ग्रीक-इराणी पद्धतीच्या पानाफुलांची नक्षी आहे, लौरिया नंदनगढच्या सिंहाखाली आपल्या हंसांची रांग आहे, संकिश्श्याच्या हत्तीखाली कमळे आणि पाने आहेत. हे सगळे इराणची नक्कल आहे असे काही इंग्रज विद्वानांनी लिहिले, आणि त्याचा राग येऊन आपल्याकडच्या काहींनी यात परके काहीच नाही असे लिहिले. मला दोन्ही भांडणे निरर्थक वाटतात. छिन्नी कोणाकडून शिकली हे विचारावे, आणि मग तिने काय कोरले हेही विचारावे.

सारनाथचे सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून बसलेले. ते कोणाला फाडत नाहीत आणि त्यांना कोणी मारत नाही. त्यांची तोंडे उघडी आहेत. बुद्धवचनाला पालि ग्रंथांत सीहनाद म्हटले आहे आणि बुद्धाला शाक्यसिंह. हे सिंह म्हणजे आवाज आहे. त्यांच्या डोक्यावर पूर्वी ३२ आऱ्यांचे मोठे धम्मचक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे सत्तेच्या जुन्या चिन्हावर धम्माचे चिन्ह चढवलेले होते. सिंह वर नव्हता, तो खालून तोलत होता. आज आपण राजमुद्रेत सिंह पाहतो ते चक्र पडून गेल्यानंतरचे. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह चालत आहेत आणि त्यांच्यामध्ये २४ आऱ्यांची चार चक्रे आहेत. हत्ती गर्भधारणेचा, बैल जन्माचा, घोडा गृहत्यागाच्या कंथकाचा आणि सिंह खुद्द शाक्यमुनींचा असा अर्थ लावतात. दुसरे विद्वान त्या चार दिशा आहेत म्हणतात. २४ आरे म्हणजे प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे सुलट आणि उलट, असे आपल्या कार्यक्रमांतून सांगतात. अर्थ सुंदर आहे आणि सांगायला हरकत नाही. मात्र अशोकाने स्वतः या आऱ्यांविषयी एक अक्षर लिहिलेले नाही, हे सांगणाऱ्याने मनात ठेवावे. त्याने लिहिले ते एवढेच, की भेरीच्या घोषाच्या जागी आता धम्माचा घोष झाला आहे, आणि खरा विजय धम्माचा विजय. रथाचे चाक त्याने कुठे वळवले ते त्यावरून समजते.

पुढची वर्षे भराभर सांगतो. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो लुंबिनीला गेला, खांब उभारला आणि त्या गावाचा कर उतरवून आठव्या हिश्श्यावर आणला. आजीवक साधूंना त्याने बराबरच्या डोंगरात लेणी दिली. धर्म वेगळा म्हणून त्यांना हाकलले नाही. पाटलिपुत्राला मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली आणि देशोदेशी थेर पाठवले गेले, असे महावंस सांगतो. महारट्ठात महाधम्मरक्खित आले. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, आलेल्या थेरांचे नाव योन धम्मरक्खित. योन म्हणजे ग्रीक! महिंद सिंहलद्वीपाला गेला आणि संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. अनुराधपूरला त्या परंपरेतले झाड आजही पुजले जाते. इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोक वारला. अशोकावदान म्हणते की अखेरीस मंत्र्यांनी त्याचे हात बांधले, दान द्यायला जवळ अर्धा आवळा उरला, आणि तोही त्याने संघाला पाठवून दिला.

मग विस्मरण आले. देवानांप्रिय ही त्याची पदवी. पुढच्या संस्कृत व्याकरणकारांनी तिचा अर्थ मूर्ख असा नोंदवला. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा आणि मेरठचा असे दोन स्तंभ दिल्लीला आणले, तेव्हा ते अक्षर वाचणारा कोणी पंडित निघाला नाही, आणि लोकांनी ती भीमाची काठी आहे असे सांगितले. कर्नाटकात सन्नती येथे १९८० नंतरच्या दशकात कालीच्या देवळाचे छत कोसळले. मूर्तीला आधार म्हणून बसवलेल्या शिळेवर अशोकाचे लेख होते. ज्या शिळेवर बाराव्या लेखात सर्व पंथांनी एकमेकांचे ऐकून घ्यावे असे लिहिले होते, ती शतकानुशतके एका देवीच्या पायाखाली उपडी-उताणी पडून होती. चिन्हांची अदलाबदल एकाच बाजूने होत नाही, हे शेजारणीला सांगायला हरकत नाही.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी अक्षरे उलगडली आणि प्रियदर्शी पुन्हा बोलू लागला. त्याच काळात सिंहलद्वीपच्या ग्रंथांवरून जॉर्ज टर्नरने प्रियदर्शी म्हणजे अशोक हे ओळखले. १९१५ साली मस्कीच्या लेखात अशोक हे नावच मिळाले. सारनाथचे सिंह १९०५ च्या सुमारास जमिनीतून वर आले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर अशोकाचे चक्र स्वीकारले. त्याआधी ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत बाबासाहेब एक सदस्य होते. २६ जानेवारी १९५० पासून सारनाथचे सिंह ही भारताची राजमुद्रा आहे. शाळेच्या दाखल्यावर, कोर्टाच्या कागदावर, नोटेवर आपण ती रोज पाहतो.

ज्यांना सारनाथला जाणे परवडत नाही त्यांनी लोणावळ्याजवळ कार्ल्याला जावे. चैत्याच्या बाहेर चार सिंहांचा खांब उभा आहे, महारठी अग्गिमित्रणक याने दिलेला. आतल्या खांबांवर त्याच घंटेच्या आकारावर हत्ती बसले आहेत, आणि खांब देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. त्यांतल्या एकाच्या नावात सिंह आहे. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे, तिथे गर्दी असते. खांबावर काय लिहिले आहे ते थांबून पाहणारे थोडे.

आजींना मी नंतर एवढेच सांगितले की कमळ राहू द्या. त्यांनी ते राहू दिले, पण त्यावरचे हळदकुंकू घासून काढले, आणि ते मला न सांगता त्यांचे त्यांनीच ठरवले.

एक गोष्ट सांगायची राहिली. सोपाऱ्याजवळ भुईगावला अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी. या लेखात राजा म्हणतो की माणसे आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगले करतात आणि बायका तर फार क्षुल्लक आणि निरर्थक मंगले करतात. सगळा दोष बायकांवर टाकणे मला पटत नाही. नवस बोलणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. पुढे तो म्हणतो की मंगल करावे, पण असल्या मंगलांचे फळ थोडे. धम्ममंगलाचे फळ मोठे. आणि धम्ममंगल म्हणजे काय, हे सांगताना त्याने पहिल्या प्रथम दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हे घातले आहे. त्यानंतर गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान. सोपाऱ्याचा लेख मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. लेखाचा दगड काळा आहे आणि अक्षरे ब्राह्मी आहेत. मुलांना आधी दहा-बारा अक्षरे शिकवून नेले तर त्यांतली काही त्यांना ओळखता येतात.